मा. श्रीमती सरासरी चाल यांस

प्रति,
मा. श्रीमती सरासरी चाल,
मुक्काम इयत्ता नववी, विज्ञान आणि तंत्रज्ञान, प्रकरण पहिले.

विषय : गहाळ झालेले दोन किलोमीटर परत मिळण्याबाबत.

बाई, सा.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात भाचीला गणित आलं. मोटार जाताना ताशी ६० ने गेली, त्याच रस्त्यानं येताना ४० ने आली, सरासरी चाल काढा. मी तर्री-पोहे खाता खाता म्हणालो, "पन्नास. त्यात काढायचं काय?" पोरीनं मामावर भरवसा ठेवला आणि वही लाल फुली घेऊन घरी आली. तुमचं उत्तर ४८!

मग रीतसर मांडून बघितलं. अंतर १२० किलोमीटर धरलं, तर जायला दोन तास, यायला तीन. २४० भागिले ५. हिशेबात खोट नाही, पण न्यायात आहे. साठवाला दोनच तास रस्त्यावर असतो, चाळीसवाला तीन तास. म्हणजे जो रेंगाळेल त्याचीच तुमच्याकडे वट जास्त. कचेऱ्यांमध्ये हे चालतं हे ठाऊक होतं, पदार्थविज्ञानातही चालतं हे नव्हतं.

स्कूटरवर तर तुम्ही माझी रोजच लाज काढता. नागपुरात मानेवाड्याहून सीताबर्डीपर्यंत सात किलोमीटर. मधे काटा पन्नासाला टेकतो, हे मी या डोळ्यांनी बघतो. व्हरायटी चौकात घड्याळ बघावं तर अठ्ठावीस मिनिटं झालेली! म्हणजे ताशी १५. सिग्नलला पाय टेकून उभा राहिलो तोही वेळ तुम्ही भाजकात घालता. मी तेव्हा चालवतही नव्हतो हो.

वर तुमचे ते कारकून, ५/१८. मूळचे १००० भागिले ३६००. काटछाट होऊन एवढेसे उरले, पण रुबाब कायम. पोरं त्यांना नेहमी उलटे धरतात आणि मग बैलगाडी विमानाला मागे टाकते. त्यांनी माझे १५ घेतले आणि सेकंदाला ४.१७ मीटर करून दिले. आता आपल्या बीड जिल्ह्याचा अविनाश साबळे बघा. २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत. सेकंदाला ६.१२ मीटर, म्हणजे ताशी २२. मधे अडथळे, पाण्याचा खड्डा, आणि पेट्रोलचा खर्च शून्य.

वाटलं, नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गावर तरी तुम्ही खूश असाल. ७०१ किलोमीटर, ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला, मोटारीला मर्यादा ताशी १२०. न थांबता गेलं तर ५ तास ५० मिनिटं. आमचे एक शेजारी ऐकत नाहीत, म्हणतात १४० ने हाणू. हाणा. सेकंदाला ३९ मीटर. डुलकी दोन सेकंदांची लागली तर ७८ मीटर गाडी कोण चालवत होतं, हे देवालाच ठाऊक. आणि सगळा रस्ता १४० ने काढला तरी वाचतात पन्नास मिनिटं. ती भाऊ वाटेत चहा, लघवी आणि "आपण किती लवकर आलो" हे फोनवर सांगण्यात घालवतात. पुढे मुंबईच्या गर्दीत शिरले की उरलासुरला हिशेब तुम्ही वसूल करताच.

तुमचे चुलतभाऊ सरासरी वेग तर त्याहून वस्ताद. भाचीला समजावत होतो, की झिरो माईलच्या खांबापासून निघायचं आणि परत तिथेच यायचं. (त्या खांबावर अजून हैदराबाद ३१८ मैल आहे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची १०२०.१७१ फूट. मेट्रो स्टेशनच्या नावातही झिरो माईलच ठेवलं. शून्याला रूपांतर लागत नाही, म्हणून चालून गेलं.) तर मुंबईला जाऊन परत खांबाशी आलो, की विस्थापन शून्य, म्हणून सरासरी वेगही शून्य. चौदाशे किलोमीटर गाडी चालवून माणूस जागचा हललाच नाही.

पोरगी विचारात पडली. "मंग मामा, टोल काऊन घेतला?"

"बाप्पा, टोलवाल्याला विस्थापन शिकवलंच नाही. त्याला फक्त अंतर येते."

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपला,
ताशी पंधरा

ता.क. : दोन किलोमीटर परत देणं जमत नसेल तर निदान भाचीचा एक मार्क द्यावा.