ओळख परेड

‘आविष्कार’चे दिवस आले की उपनगरातल्या कॉलेजांच्या स्टाफरूमला एरवी नसलेली तरतरी येते. राज्यातल्या विद्यापीठांची ही संशोधन स्पर्धा 2006 साली सुरू झाली. रसायनं नि यंत्रांच्या गर्दीत भाषा आणि मानव्यविद्यांनाही तिथे एक कोपरा मिळाला. त्याच कोपऱ्यासाठी टीवायबीएची तीन मुलं आणि त्यांचा गाईड म्हणून मी, असे आम्ही ‘इन्स्टाग्राम आणि ओळख’ हा विषय घेऊन मुलुंडच्या आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसतो. वाट मुलं दाखवतात. सही मी करतो.

परवा मी त्यांना समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन सांगत होतो. माणूस चारचौघांत भूमिका वठवतो आणि विंगेत आला की ती उतरवून ठेवतो, हे त्यानं 1950च्या दशकात मांडलं. त्यासाठी शेटलंड बेटांवरच्या हॉटेलातलं स्वयंपाकघरसुद्धा न्याहाळलं. विंग म्हणजे काय, हे ‘कालिदास’ नाट्यगृहात नाटकं बघत वाढलेल्या मुलुंडच्या मुलांना निराळं सांगावं लागलं नाही. एकीनं वडापावचा घास गिळला आणि म्हणाली, “म्हणजे सर, मेन अकाउंट आणि प्रायव्हेट अकाउंट.” गॉफमनचं अख्खं पुस्तक चटणी संपायच्या आत उरकलं. मग तिनं मोबाइल पुढे केला. मेनवर नथ, मरीन ड्राइव्ह, मावळता सूर्य. प्रायव्हेटवर तेल चोपडलेले केस, सुटलेली फास्ट लोकल आणि आजीचं साग्रसंगीत घोरणं. “घरी कुणाला माहीत नाही हं, सर.”

मला आईची पत्रं आठवली. माहेरी ती पोस्टकार्ड धाडायची तेव्हा इकडे सर्व क्षेम असे. पोस्टमनपासून शेजारणीपर्यंत कुणीही वाचावं असं, ठळक अक्षरातलं क्षेम. खरी हकिगत निळ्या आंतर्देशीय पत्रात जायची, आणि तिथेही न मावलेलं दुःख चिकटवायच्या पट्टीवर आडवं लिहिलेलं असायचं. मामीनं ते अलगद फोडलं नाही, तर नेमकं तेवढंच फाटायचं.

आमच्या प्रश्नावलीत पहिलाच प्रश्न आहे: तुम्ही ऑनलाइन वेगळे वागता का? बहुतेकांनी ‘नाही’वर टिक केली आहे, तीही अगदी नीटनेटकी. प्रश्नावलीसुद्धा मेन अकाउंटच की!

पोस्टरसाठी परवाच आमचा फोटो काढला. बराच खल होऊन मी विद्वान दिसतो तो निवडला गेला. “आणि डोळे मिटलेला?” मी भीतभीत विचारलं.

“तो प्रायव्हेटवर टाकला, सर.”

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढी बढती मला कुणी दिली नव्हती.