काळ्या फोनचं ॲप : बनवण्याची अधिकृत पद्धत

चकती फिरवायच्या काळ्या फोनचं ॲप करायचं असेल, तर पहिली अट ही की ते कुणालाही लगेच मिळता कामा नये. ‘इन्स्टॉल’ दाबलं की नाव वेटिंग लिस्टमध्ये जावं. हिंजवडीतल्या प्रॉडक्ट मॅनेजरला हे पचणार नाही. तो म्हणेल, गिऱ्हाईक पळेल. पळू द्या. पूर्वी नंबर लागायला वर्षं जायची, तोवर लग्नपत्रिकेवर शेजाऱ्यांचा नंबर ‘पी.पी.’ लिहून छापला जायचा. ज्याला अगदीच निकड असेल त्याच्यासाठी जुनी ‘ओवायटी’ (‘ओन युअर टेलिफोन’) योजना ठेवावी : आधी भक्कम अनामत, मग जराशी आखूड रांग.

आता डायल. सगळा जीव इथे ओता. बोट शून्याच्या भोकात घालून अडकणीपर्यंत ओढलं की चकती स्वतःच्या चालीने परत जाते आणि जाताजाता लाइन दहा वेळा तोडते-जोडते. एकला एक ठोका, शून्याला दहा. सेकंदाला साधारण दहा ठोके, म्हणजे एकटं शून्यच परतायला सेकंद खातं. मुंबईचा 022 लावायचा तर सुरुवातच त्याने. डिझायनर इथे गुपचूप चकती झटकन परतवणारं ॲनिमेशन घालेल. त्याला दुसऱ्या प्रोजेक्टवर पाठवा. बॅकस्पेस नको. शेवटचा आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून.

डायलला कुलूपही हवं. वडीलधारी मंडळी बाहेर जाताना भोकात चिमुकलं कुलूप अडकवत. मग घरातली कार्टी हुक टपटप दाबून तेच ठोके देत आणि कुलूप शाबूत ठेवून तासभर गप्पा हाणत. ही युक्ती ॲपमध्ये चाललीच पाहिजे, मात्र मदतीच्या पानावर लिहू नये. टेस्टरने बग म्हणून नोंदवलीच, तर ‘परंपरा’ असा शेरा मारून बंद करावी.

दिसण्यावर वेळ घालवू नका. ॲपलने 2013 मध्ये आयओएस 7 आणताना कॅलेंडरवरचं टाके घातलेलं चामडं काढून टाकलं, पण फोनच्या आयकॉनवरचा रिसीव्हर काही सुटला नाही. रूप कुणीही चिकटवतं. गैरसोय मेहनतीने घडवावी लागते.

चाचणीला ज्यांनी हा फोन खरोखर वापरलाय त्यांना बोलावू नका. ते ‘व्हिडिओ कॉल कुठाय?’ विचारतात. पंचविशीतली, कॅसेटचं चित्र छापलेला टी-शर्ट घालणारी मुलं उत्तम.

गोपनीयता धोरण एका ओळीचं : क्रॉस कनेक्शन लागल्यास दुसऱ्यांचं बोलणं श्वास रोखून ऐकावं, मध्ये बोलू नये.

दर ट्रंक कॉलच्या धर्तीवर लावा : ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. लाइटनिंगला ऑर्डिनरीच्या आठपट पैसे. आम्हाला लोभी म्हणू नका, हा टेलिफोन खात्याचाच हिशेब होता. आठपट भरूनही पलीकडचं बोलणं ऐकू येईल याची हमी नसावी. ‘हॅलो, हॅलो’ ओरडण्यासाठी मायक्रोफोनची परवानगी तेवढी घ्या.

पहिल्या पावसात ॲप डेड. मोबाइलला हवामान कळतंच, त्याचा काहीतरी उपयोग होऊ दे. तक्रारीसाठी 198 फिरवावा. तो अर्थातच आपल्या डेड ॲपवरून लागणार नाही, शेजाऱ्यांकडे जावं. दुरुस्ती यथावकाश होईल. दिवाळीत लाइनमन पोस्त मागायला येईल, ते नोटिफिकेशन मात्र कुठल्याही सेटिंगमधून बंद करता येता कामा नये.