कलम सातवे, कलम आठवे आणि उतू गेलेले दूध

काचेच्या गॅसशेगडीबरोबर खोक्यात जी सूचनापत्रिका येते, तिच्यातील कलम सातवे असे सांगते की, शेगडीवर कोणताही पदार्थ सांडल्यास तो ताबडतोब पुसून घ्यावा, अन्यथा डाग कायमचा बसण्याचा संभव आहे. आणि त्याच्याच खालचे कलम आठवे अशी ताकीद देते की, काच पूर्णपणे निवाल्याखेरीज तिला ओले फडके लावू नये, अन्यथा ती तडकण्याचा संभव आहे, व तडकलेल्या काचेची हमी कोणी घेतलेली नाही. ही दोन्ही कलमे एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिली गेली असावीत याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. इतका निर्विकार परस्परविरोध दोन माणसांना साधणार नाही, ती आपसांत भांडतील.

पदार्थ सांडल्यापासून काच निवेपर्यंतचा जो काळ, तो कोणाच्या अखत्यारीत येतो, याचा खुलासा पत्रिकेत नाही. दिवाणी दाव्यात अशा प्रसंगी मुदत वाढवून मिळते, फौजदारीत निदान जामीन मिळतो. येथे गृहिणीस हातात फडके घेऊन नुसते उभे राहता येते. तिने सातव्याची तामिली करावी तर आठव्याचा भंग होतो, आठव्यास मान द्यावा तर सातव्यात कसूर ठरते, आणि दोहोंचे पालन करण्याचा एकच निर्वेध मार्ग उरतो, तो म्हणजे शेगडी पेटवूच नये. पत्रिकेच्या मुखपृष्ठावरील बाईंनी हाच मार्ग पत्करलेला दिसतो. त्यांच्या शेगडीवर एक रिकामे पातेले आहे आणि त्या त्याच्याकडे पाहून हसत आहेत.

संगमनेरात मात्र पातेली रिकामी नसतात. हा दुधाचा तालुका आहे. प्रवरेकाठचा उसाचा मळा असो की साकूरकडचा कोरडा माळ असो, सकाळ-संध्याकाळ दुधाचे कॅन संकलन केंद्राच्या दारी लागायचेच, आणि 3.5 फॅट, 8.5 एसएनएफ (म्हणजे फॅट सोडून उरणारा घनांश) हे दोन आकडे येथील शाळकरी पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात, कारण घरचा बाजार त्यांच्यावर चालतो. या दोन आकड्यांची बेरीज बारा. म्हणजे दूध उतू गेले की शंभरातले अठ्ठ्याऐंशी भाग पाणी वाफ होऊन निघून जाते, आणि उरलेले बारा भाग, ज्यांत स्निग्धांश, प्रथिने, दुग्धशर्करा आणि क्षार येतात, ते काचेवर मुक्कामास राहतात. त्यांतील साखर आणि प्रथिने बर्नरच्या कड्याभोवतीच्या दोन बोटे रुंद पट्टीत, जेथे काच सर्वांत तापते, एकमेकांशी अशी संलग्न होतात की प्रथम पिवळा, मग तपकिरी आणि शेवटी काळा असा वज्रलेप सिद्ध होतो. केंद्रावर ज्या फॅटचा एक पॉइंट कमी भरला म्हणून दर कापला जातो, ते फॅट येथे पुरते भरते. तेव्हा दुधाचा घनांश मोजण्यास यंत्र तरी कशाला हवे? एक लिटर दूध काचेच्या शेगडीवर आटू द्यावे, दुसऱ्या दिवशी खरवड काढून तोलावी. सव्वाशे ग्रॅमच्या आसपास भरली तर दूध चोख. या पद्धतीने यंत्रांविषयीच्या तक्रारी मिटतील, शेतकऱ्याचे समाधान होईल, आणि खरवडण्याचे काम कोणी करावयाचे हा एकच प्रश्न शिल्लक राहील, ज्याचे उत्तर आपल्या समाजाने पूर्वीच देऊन ठेवले आहे.

मुळात ही काच तेथे आहे कशासाठी? परदेशांतील विजेच्या सपाट शेगड्यांत उष्णतेचे उगमस्थान काचेच्या खाली असते आणि भांडे वर. तेथे काच मध्यस्थी करते, उष्णता पोचवते, आपल्या अन्नापुरते काम करते, आणि म्हणून ती काचही निराळ्या जातीची, अंशतः स्फटिकरूप केलेली, तापली तरी जवळजवळ न प्रसरण पावणारी अशी असते. तिच्यावर साखरेचा पाक सांडला तर तो गरम असतानाच जपून पात्याने काढावा, असा तेथला नियम आहे, कारण निवताना आकसलेली साखर काचेचा टवका उपटून घेते. आपल्या गॅसशेगडीत काचेला भोके पाडून त्यांतून बर्नर वर काढलेले असतात. अग्नी वर, भांडे त्याहून वर, आणि काच या सर्वांच्या खाली निरुद्योगी पडलेली. ती उष्णता पोचवीत नाही, वायू अडवीत नाही; भांडे तोलण्याचे काम जाळी करते. सहाशे अंशांहून अधिक तापवून हवेच्या झोताने एकाएकी थंड केल्यामुळे तिच्या अंगी बळ आलेले असते हे खरे, परंतु हे बळ खपवून घेण्याचे नाही, मान राखून घेण्याचे आहे. एखादा खोल ओरखडा, एखादा वर्मी बसलेला आघात, की सबंध काच क्षणार्धात बारीक तुकड्यांची रास होऊन ओट्यावर पसरते. थोडक्यात, ही काच स्वयंपाकघरात जावयासारखी वावरते: काम कोणतेच नाही, तिच्याशी थंडही वागायचे नाही आणि गरमही वागायचे नाही. आणि तिचा रंग कोणता, तर काळा, चकचकीत काळा, ज्यावर दुधाचा प्रत्येक थेंब पांढरा होऊन वाळतो, पिठाचा प्रत्येक कण दिसतो, आणि कटाच्या आमटीचा तवंग तर दिवाणखान्यातूनही वाचता येतो. जेथे सर्वाधिक दूध तापते तेथे दूध सर्वाधिक उठून दिसेल असा रंग शोधून काढणाऱ्या डोक्याविषयी आम्हांस राग आहे, आणि तो विनोदाच्या पोटात दडपून ठेवण्याची आमची इच्छा नाही. ज्याने हा रंग ठरविला त्याने, ज्याने दुकानातल्या दिव्याखाली तो झळकवला त्याने, आणि ‘पाहुण्यांना दिसायला बरी’ म्हणून ज्या यजमानाने ती पसंत केली त्याने, या तिघांनी आपल्या उभ्या आयुष्यात एकदाही रात्री साडेदहा वाजता ओटा पुसलेला नाही. पुसला असता तर तीन माणसांपैकी एकाच्या तरी तोंडून ‘पोलादी द्या’ असे उद्गार निघाले असते. पोलादाला काथ्या चालतो, तारेची घासणी चालते, आणि त्याच्यावर ओरखडे उठले तर त्यास संसार झाला असे म्हणतात.

उपाय आहेत, ते आम्ही नाकारीत नाही. पुरवण्यांतून दर पंधरवड्यास ते छापून येतात, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘फक्त दोन मिनिटांत’ असे शब्द असतात. काच निवू द्यावी, खाण्याचा सोडा पाण्यात कालवून डागावर थापावा, वर कोमट पाण्यात पिळलेले फडके पाव तास तसेच ठेवावे, मग दाढीचे पाते अगदी आडवे धरून हलक्या हाताने खरवड उचलावी आणि कोरड्या फडक्याने पुसून घ्यावे. हे सर्व यशस्वी होते. दोन मिनिटे ती कोणती, हे मात्र कळत नाही. बहुधा लेख लिहिण्यास लागलेली असावीत.

या साऱ्यात आमच्या धर्माचारांची कोणी वास्तपुस्त केलेली नाही. रथसप्तमीला अंगणात गोवऱ्यांवर मातीच्या बोळक्यात दूध तापवून ते मुद्दाम उतू घालवण्याची आपली वहिवाट आहे. गोवरी जळून जाते, राख झाडून टाकता येते, आणि सूर्यनारायणाने अद्याप कोणत्याही पत्रिकेत कलमे छापलेली नाहीत. परंतु तीच वहिवाट नव्या घरात प्रवेश करताना ओट्यावर येते. मालदाड रस्त्याला नव्या इमारतीत बिऱ्हाड थाटलेले कुटुंब नवी काचेची शेगडी मांडते, तिला हळदकुंकू वाहते, आणि घरातील वडील माणसांच्या देखरेखीखाली, समृद्धीचे चिन्ह म्हणून, पहिल्याच पातेल्यातील दूध चारी बाजूंनी ओसंडू देते. सर्वजण हात जोडतात. दूध बर्नरच्या कड्याशी पोहोचते. सुनेला कलम सातवे आठवते, पण आरती चालू असते.

तेव्हा विक्रेत्यांच्या चरणी आमची एक नम्र दरखास्त आहे. दुकानात मांडलेली शेगडी गिऱ्हाइकासमोर पेटवावी, तिच्यावर एक लिटर दूध उतू जाऊ द्यावे, आणि ज्याच्या तोंडी ‘एकदम सोपी, एका फडक्यात साफ’ हे वाक्य सर्वांत सफाईने येते, त्या इसमाने ती सर्वांदेखत साफ करून दाखवावी. सातव्याप्रमाणे करायचे की आठव्याप्रमाणे, याची निवड आम्ही त्याच्यावर सोपवितो. दूध आम्ही आणू, केंद्रावरची फॅटची पावती जोडून आणू. पंचनाम्यासाठी आजूबाजूच्या गल्लीतील चार-सहा बायका बोलावल्या तर पुरे. त्यांना बसायला खुर्च्या द्याव्यात आणि काम संपेपर्यंत त्यांच्यापैकी कोणी मदतीला उठणार नाही, एवढा बंदोबस्त ठेवावा.