फोमवाल्या शेठना अनावृत पत्र

प्रति,
'शंभर टक्के साउंडप्रूफ' शेठ यांस,


पत्रास कारण की, माझ्या भाच्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत आपण उभारून दिलेला होम स्टुडिओ पाहण्याचं भाग्य नुकतंच लाभलं. चारही भिंतींवर लाल-काळा, पिरॅमिडच्या नक्षीचा दोन इंची फोम. छताला तोच, दाराच्या आतल्या अंगालाही तोच. स्विचबोर्डापुरता चौकोन तेवढा कापून ठेवलात, उपकार झाले. पोरानं तबल्यावर ठेका धरला, मी दार ओढून हॉलमध्ये येऊन बसलो. बायाँ जसाच्या तसा ऐकू आला. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनाही आला असावा, कारण थोड्याच वेळात ते जिना चढून दारात हजर.

"आत ढोल-ताशाचं पथक वाजवा, शेजाऱ्याला पत्ता लागणार नाही," ही आपली हमी. पुण्यात राहून असं बोलायला छाती लागते.

शेठ, आवाज अडतो तो वजनानं. भिंतीचं वजन दुप्पट केलं, तर पलीकडे जाणारा आवाज ढोबळमानानं सहा डेसिबलनं उतरतो. आपला फोम असा, की त्याचा गठ्ठा शाळकरी पोरगंही एका हातात उचलेल. शिवाय त्यातून फुंकर आरपार जाते, आणि जिथून हवा जाते तिथून आवाज जाणारच. दाराखालची बोटभर फट तर आपल्या माणसांनी जपून तशीच ठेवली. तिथं रबराची पट्टी लावली असती, पोकळ फ्लश डोअरच्या जागी भरीव दार सुचवलं असतं, तर आजोबांच्या गुडघ्यांना थोडा आराम पडला असता. पण रबराच्या पट्टीत सुटणार ते काय!

फोम अगदीच कुचकामी आहे, असं मी म्हणत नाही. खोलीत टाळी वाजवल्यावर भिंतीभिंतींतून जो थरथरता पडसाद येतो, तो त्यानं गेला. त्यासाठी मोजके तुकडे पुरले असते. बसल्या जागेवरून बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवत न्यायचा, जिथं स्पीकर दिसेल तिथं तुकडा लावायचा, साधा हिशेब. पण आपण स्क्वेअर फुटावर विकता, तेव्हा छतही सोडलं नाहीत. त्यामुळे वरच्या पट्टीतला सगळा आवाज फोमनं गिळला आणि खालचा तसाच मोकाट राहिला. पन्नास हर्ट्झची लहर जवळपास सात मीटर लांब असते. दोन इंच फोम तिच्या खिजगणतीतही नसतो. आता रेकॉर्डिंगमध्ये तबल्याची किनार मेलेली आणि बायाँ घुमतोय.

त्यावर कळस म्हणजे टेबलाची जागा. लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा फूट असलेल्या खोलीत छप्पन्न हर्ट्झच्या आसपासचा सूर तिन्ही दिशांनी एकदमच घुमतो. कोपऱ्यात तो फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळपास नाहीसा होतो. आपल्या माणसानं टेप लावून, मोजूनमापून खुर्ची नेमकी मध्यावर ठेवली. पोराला बास ऐकू येईना, म्हणून तो वाढवत गेला. तेच गाणं माझ्या गाडीत लावलं, तर दरवाजाचे पत्रे खडखडायला लागले.

बाकीची खरेदीही पाहिली. कुकरची शिट्टी आणि खिडकीतली कबुतरं इमानेइतबारे टिपणारा कंडेन्सर माइक. १९६६ पासून मिळणारा शुअरचा एसएम ५८ अशा खोलीत जास्त उपयोगी पडला असता, शिवाय स्वस्तात. स्पीकरमधली गुणगुण घालवायला सोन्याचा मुलामा दिलेली केबल दिलीत. सोन्यानं पन्नास हर्ट्झची गुणगुण जाते, हे कुठल्या पंचांगात लिहिलंय? बोर्डातली अर्थिंगची तार सुटली होती. वायरमननं ती जोडली, गुणगुण थांबली.

आणि हो, काउंटरवर आपण पोराला बिली आयलिशचा दाखला दिलात म्हणे. दाखला खरा आहे. २०२० साली ग्रॅमी मिळवणारा तिचा पहिला अल्बम भावाच्या बेडरूममध्येच बहुतांशी तयार झाला. घरच्या आवारात स्टुडिओ थाटणाऱ्या रहमानचं नाव घेतलं असतंत, तरी चाललं असतं. पण बेडरूम म्हणजे तिथं गादी असते, कपड्यांनी भरलेलं कपाट असतं. 'प्रोफेशनल लूक' यावा म्हणून आपण पलंग, गादी आणि आजीच्या गोधड्या खोलीबाहेर काढायला लावल्यात. त्या खोलीत फुकटात आवाज शोषणारं जे काही होतं, ते घालवलंत आणि मग फोम गळ्यात मारलात.

इथवर थट्टा होती. आता नाही. २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये 'द स्टेशन' या नाइटक्लबला आग लागली आणि शंभर माणसं गेली. स्टेजवरच्या आतषबाजीची ठिणगी भिंतीवरच्या पॉलियुरेथेन फोमवर पडली होती. शेजाऱ्यांनी आवाजाची तक्रार केली, म्हणून लावलेला फोम. तो भराभर पेटतो आणि त्याचा धूर विषारी असतो. भाच्याच्या खोलीत हाच प्रकार चार भिंतींवर, छतावर, एकुलत्या एका दारावर आणि स्विचबोर्डाला चिकटून आहे. बिलावर पाहिलं, तर फक्त 'अकॉस्टिक मटेरियल' एवढंच. आगीच्या चाचणीचा कागद मागितला, तेव्हा आपण "साहेब, सगळे हाच नेतात" असं उत्तर दिलंत.

तेव्हा एवढंच करा. तो कागद असेल तर दाखवा. नसेल, तर येत्या रविवारी माणसं पाठवून छतावरचा, दारावरचा आणि बोर्डाभोवतीचा फोम आधी उतरवून न्या आणि त्याचे पैसे परत करा. कोपऱ्यात फुगणारा बास शोषायला लागणारं रॉकवूल आम्ही आमचं आणू. आणि वाचकहो, तुमच्या घरात कुणी असा स्टुडिओ थाटत असेल, तर फोमचा भाव विचारण्याआधी तो कागद मागा.

कळावे,
एक मामा