अडलेली मंदा

आमच्याकडे कोकणात गावठी कोंबडी आजारी पडली की तिच्यावर एकच खात्रीचा उपचार असतो, आणि त्याला ओलं खोबरं लागतं. त्यामुळे मंदा शेपटी पाडून, पिसं फुगवून माडाखाली गप्प उभी राहिली तेव्हा शेजारच्या काकींनी निदान आणि रविवारचं जेवण एकदमच ठरवलं. "मरायच्या आधी कापा गो, नायतर वाया जातली."

"अंडी देणारी बाई कापायची?" आई कडाडली. मंदाला बाई म्हटल्यावर विषय संपला.

काकींनी मग दुसरं निदान काढलं: खुडूक बसली असणार, बुडवा गार पाण्यात. पण खुडूक कोंबडीच्या पोटाखाली हात घालून बघा, गुरगुरून चोच मारते. ही नुसती डोळे मिटत होती. बाबांना मानमोडीचा, म्हणजे राणीखेतचा संशय. लस टोचलेली होती, तरी मान वाकडी होतेय का हे पाहायला ते तिच्यासमोर उकिडवे बसले. आता कोंबडी समोरच्या माणसाकडे बघते तीच मुळी मान तिरकी करून, एका डोळ्याने. बाबांचा संशय काही फिटेना.

शेवटी त्यांनी थर्मामीटर लावला. कुठे, ते विचारू नका. पारा १०६! बाबा पायरीवर मटकन बसले. फोनवर गुरांचे डॉक्टर मात्र हसले. कोंबडीच्या अंगात एरवीही १०५ ते १०७ असतोच म्हणे. मग त्यांनी नेमकं विचारलं: कुंथते का? शेपटी खालीवर होते? अंडी कधीपासून बंद? "अंडं अडकलंय. पोट दाबू नका, आत फुटलं तर जिवावर बेतेल. कोमट पाण्यात बसवा, मग अंधारात निवांत ठेवा, आणि कॅल्शियम द्या. उद्यापर्यंत मोकळी झाली नाही तर घेऊन या."

कॅल्शियमचं कोडं त्यांनीच सोडवून सांगितलं. अंड्याचं कवच जवळजवळ सगळं चुन्याचंच, आणि ते चढायला वीसेक तास लागतात. खाण्यातून चुना पुरला नाही तर कोंबडी तो स्वतःच्या हाडांतून काढते. शिवाय अंडं बाहेर ढकलणाऱ्या स्नायूंनाही कॅल्शियमच लागतं. म्हणजे माल आणि हमाल दोघांचा पगार एकाच तिजोरीतून.

औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदाराने पेशंटचं वय विचारलं. दीड वर्ष. वजन? सव्वा किलो. तो बिचारा काउंटर सोडून बाहेर आला आणि माझा हात धरून म्हणाला, "अहो, मुंबईला न्या!"

इकडे आईने मोठ्या टोपात कोमट पाणी काढून मंदाला बसवलं होतं. पहिल्यांदा तिने पंख झाडून सगळ्यांना आंघोळ घातली. नंतर पाणी आवडलं असावं, मान टाकून डुलक्या घेऊ लागली. तेवढ्यात काकी मागच्या दारी आल्या. टोप, वाफ, टोपातली कोंबडी, सगळं डोळे भरून पाहिलं आणि पदर खोचून म्हणाल्या, "वाटप मी काढू काय गो?"

रात्री बाळंतिणीच्या खोलीत, म्हणजे बाबांच्या खोलीत, मंदा मोकळी झाली. अंडं मऊ कवचाचं, बाबांच्या उशीशेजारी. बाबा ओसरीवर झोपायला गेले होते, त्यामुळे अभिनंदन स्वीकारायला हजर नव्हते.

तेव्हापासून घरात तिसऱ्यांचा सुकाळ आहे. मंदाला शिंपल्यांचा चुरा हवा, शिंपले हवेत तर तिसऱ्या आणायला हव्यात, आणि आणल्या तर आतलं टाकून कसं देणार? औषधोपचाराचा हा भाग आम्ही सगळे मनापासून करतो.

ओसरीवरच्या गारठ्याने बाबांना मात्र ताप भरला. आईने नवा थर्मामीटर आणवून लावला. १०१. बाबा कण्हत म्हणाले, "जरा पाणी गरम करून देतेस?"

"एकशे एकच तर आहे," आई मंदाचा भात कालवत म्हणाली. "तिला रोज एकशे सहा असतो. तक्रार करते का?"