विकास शिकायला सोल गाठा

रायपूरजवळच्या बीरगांवात सकाळी गच्चीवर पांढरा सदरा वाळत घाला, संध्याकाळी तो राखाडी होऊन खाली येतो. उरल्याच्या रोलिंग मिल आणि सिलतऱ्याची स्पंज आयर्नची धुराडी हा रंग फुकट देतात. अशा गावातल्या एखाद्या मराठी घरातली मुलगी म्हणते, कोरियन भाषा-संस्कृती आणि जोडीला आंतरराष्ट्रीय विकास शिकायचाय. काका चष्मा वर करतात, ‘‘भाषेचं समजलं, त्या गाणाऱ्या पोरांपायी. पण विकास शिकायला इतक्या लांब?’’

काकांच्या बोलण्यात तथ्य आहे. तासाभरावरच्या भिलाईत सोव्हिएत मदतीने पहिली झोतभट्टी पेटली १९५९ साली. कोरियातल्या पोहांगची पेटली १९७३ला, तीही जागतिक बँकेने पाठ फिरवल्यावर, जपानकडून मिळालेल्या भरपाईच्या पैशांतून. म्हणजे पोलादात आम्ही चौदा वर्षांनी थोरले! पुढे धाकट्याने २०१० साली मदत देणाऱ्या श्रीमंत देशांच्या पंगतीत पाट मांडला, आणि थोरला अजून सदरे झटकतोय. आता तर त्याच पोहांगवाल्या पोस्कोचा पत्र्याचा कारखाना रायगडात माणगावजवळ उभा आहे.

तेव्हा काका, पोरीला अडवू नका. फक्त प्रबंधाचा विषय तुम्ही सुचवा: भट्टी आधी पेटवूनही मागे कसं राहावं. क्षेत्रभेटीचा खर्च शून्य, गच्ची घरचीच आहे.