त्यात काय, एक सॉकेट उघडायचं!

प्रत्येक आयटी ऑफिसात एक सॉकेटराव असतोच. तुमच्याकडच्याला टक्कल असेल, आमच्याकडच्याला अजून नाही, एवढाच फरक.

सर्व्हरची डिस्क किती भरली, हे झॅबिक्स या देखरेखीच्या सॉफ्टवेअरला कळवायचं असतं. त्यासाठी झॅबिक्सवाल्यांनीच ‘झॅबिक्स सेंडर’ नावाचा आयता प्रोग्रॅम दिलाय, एका ओळीत काम होतं. पण आयतं घेईल तो सॉकेटराव कसला! “त्यात काय, एक सॉकेट उघडायचं!” म्हणत तो पायथॉन घेऊन बसतो आणि संध्याकाळ आपली जाते. कारण तो खुर्ची ओढून ऐकवतो. पोर्ट 10051. आधी ‘झेडबीएक्सडी’ ही चार अक्षरं, मग एक आकड्याचा बाइट, मग आठ बाइटांत मजकुराची लांबी, त्यातही धाकटा बाइट पुढे, आणि मग कुठे जेसनमधला मजकूर. यातला एक मानपान चुकला की सर्व्हर वरमाईसारखा तोंड फिरवतो.

त्याच्या सोसायटीच्या मीटिंगमध्ये कोणीतरी टाकीच्या पाण्याबद्दल नुसतं कुरकुरलं. “त्यात काय...” वाक्य पुरं व्हायच्या आत सेक्रेटरींनी ठराव मंजूर केला. मीटररूममध्ये त्याचा जुना लॅपटॉप बसला आणि पहाटे तीनला अख्ख्या ग्रुपवर ‘टाकी 18 टक्के’ झळकू लागलं. वॉचमनने मोबाइल चार्ज करायला लॅपटॉपचा प्लग काढला, त्या रात्री सोसायटी झोपली. गॅस संपत आलाय, हे वहिनी आता त्याच्यादेखत बोलत नाहीत.

तरी एक सांगितलंच पाहिजे. झॅबिक्सची एक खोड आहे. होस्टच्या नावात कॅपिटलच्या जागी स्मॉल अक्षर पडलं, तरी उत्तर येतं ‘सक्सेस’. पुढे लिहिलेलं असतं: प्रोसेस्ड 0, फेल्ड 1. म्हणजे निरोप पोचला, पण घेतला कोणीच नाही. आम्ही ‘सक्सेस’ वाचून घरी जातो. सॉकेटरावची स्क्रिप्ट पुढचंही वाचते आणि ‘फेल्ड’पुढे शून्य नसेल तर त्याला झोपेतून उठवते. बॅकअपचे आकडे कुठेच नोंदले जात नाहीत, हे त्यानेच पकडलं. साहेब म्हणाले, “सक्सेस आलंय ना? मग?”

यंदा अप्रेझलमध्ये त्याला ‘उत्कृष्ट’ शेरा मिळाला. पगारवाढ नाही. आम्ही अभिनंदनाला गेलो, तर “प्रोसेस्ड 0, फेल्ड 1” एवढंच बोलला आणि डबा उघडला.

तुमच्याकडच्या सॉकेटरावला अधूनमधून चहा पाजत जा. त्याच्या बढतीची गोष्ट निघाली तर दोन शब्द बोला. फक्त चहाचं मशीन बिघडलंय, हे त्याच्या कानावर जाऊ देऊ नका.